मोर्णेच्या मापानं नाईल

अकोल्याच्या जठारपेठेत निवृत्त माणसाच्या प्रगतीचे टप्पे ठरलेले आहेत. पेन्शन सुरू झाली की आधी चारधाम, मग दुबई किंवा सिंगापूर, गुडघे शाबूत असतील तर युरोप, आणि 'आता काय उरलं?' असं चारचौघांत म्हणायची सोय झाली की इजिप्त. संध्याकाळच्या भाजीबाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्यांत असा एक हमखास सापडतो. मेथीच्या जुडीचा भाव करता करता तो पिरॅमिडच्या दगडाचं वजन सांगतो. त्याचं नाव काहीही असो, मोहल्ल्यात त्याला भाऊसाहेब म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आमच्या इजिप्त टूरच्या ग्रुपमधले भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीला बरीच वर्षं लोटली, तरी हॉटेलातला नळ ठिबकताना दिसला की ते आधी 'गळती किती?' असं विचारतात आणि मगच नळ बंद करतात. जगात जिथे जातील तिथे ते एकच वाक्य घेऊन जातात : 'आमच्याइकडे...' आयफेल टॉवर बघून त्यांना अकोल्याच्या टॉवर चौकाची आठवण झाली होती म्हणे. अकोल्याला शिवणीचा विमानतळ आहे आणि तिथून मोठी विमानं कधी उडणार, हा त्यांच्या सकाळच्या फिरण्यातला कायमचा विषय. तूर्त मात्र इजिप्त गाठायला अमरावतीहून येणारी रात्रीची गाडी धरून आधी मुंबईच.

लक्झरहून आस्वानला निघालेल्या बोटीवरचा तो दिवस. टूर मॅनेजर पोरानं आदल्या रात्री 'उद्या पाच-सहा-सात' असं जाहीर केलं होतं. पाचला उठणे, सहाला नाश्ता, सातला बाहेर. भाऊसाहेब चारलाच आंघोळ उरकून डेकवर हजर. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. डिसेंबरातल्या नाईलवरचा गारवा बाकीच्यांना सुखद वाटत होता; पण मे महिन्यात ४५ अंशांत वाढलेल्या अकोलेकराला तो हिमालयच. दुपारी मुंबईकर मंडळी 'काय ऊन आहे!' म्हणत छत्र्या उघडायला लागली तेव्हा मात्र भाऊसाहेबांनी मफलर सैल केला आणि इतकंच म्हणाले, "हे ऊन हाय?"

एडफूच्या धक्क्यावर जागा कमी आणि बोटी फार. म्हणून बोटी एकीला एक लागून उभ्या करतात. चौथ्या बोटीतल्या माणसाला किनाऱ्यावर जायचं तर मधल्या तीन बोटींच्या लॉबीतून जावं लागतं. सगळे मुकाट चालत गेले. भाऊसाहेब प्रत्येक लॉबीत थांबले, रिसेप्शनवरच्या माणसाला हात जोडले, 'गुड मॉर्निंग, वुई आर फ्रॉम नेक्स्ट बोट' असं सांगितलं. दुसऱ्याच्या घरातून जायचं तर विचारून जावं, ही रीत. परतताना याच शेजारधर्मापायी ते दुसऱ्याच बोटीच्या डायनिंग हॉलमध्ये जाऊन बसले आणि तिथल्या जर्मन मंडळींबरोबर त्यांनी दोन उकडलेली अंडीही खाल्ली. 'चव तीच हाय,' हा त्यांचा अहवाल.

धक्क्यापासून होरस देवाच्या देवळापर्यंत टांगे. टांगेवाल्यानं 'इंडिया? अमिताभ बच्चन!' अशी सलामी दिली, त्यावर भाऊसाहेबांनी घोड्याच्या फासळ्या न्याहाळून टूर मॅनेजरला सांगितलं, "त्याले विचार, याले चारा देते का नाई?" हा प्रश्न इंग्रजीतून अरबीत पोचेपर्यंत देऊळ आलं.

गाईड इजिप्शियन, इजिप्टॉलॉजी शिकलेला, पाठांतर चोख. या देवळाचं बांधकाम इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं, असं त्यानं सांगितलं. बाकीचे होरसच्या काळ्या दगडी बहिरी ससाण्याशेजारी फोटोला रांग लावत होते. भाऊसाहेब बोटांवर हिशेब करत उभे राहिले. एकशे ऐंशी वर्षं! त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, सहानुभूती होती. "सुप्रमा किती वेळा घेतली असंल!" सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. विदर्भातल्या धरणांची कामं ज्यानं जवळून पाहिली आहेत, त्याला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. पुण्याच्या एका गृहस्थांना तो सांगावा लागला, आणि त्यात अर्धा तास गेला.

मग गाईडनं हाथोर देवीची गोष्ट सांगितली. खाली डेंडेऱ्याला तिचं देऊळ. दर वर्षी तिची मूर्ती नावेत बसवून नदीच्या उलट्या दिशेनं इथे एडफूला नवऱ्याला, होरसला, भेटायला आणत, मोठा उत्सव होई. यावर भाऊसाहेबांनी लगेच कावड यात्रा काढली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अख्खं अकोला राजराजेश्वराला कसं येतं, पालख्या किती, घागरी किती, वाजंत्री कशी. गाईड 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', करत राहिला. भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे दर वर्षी हीच येते? तो नाई कधी जात?" गाईडच्या पाठांतरात याचं उत्तर नव्हतं.

दुपारी बोट चालू झाली आणि सगळे डेकवर आले. नाईलचा हा प्रवास म्हणजे कडेकडेनं सरकणारी एक हिरवी पट्टी आणि तिच्या मागे लगेच पिवळं वाळवंट. खजुरीची झाडं, केळी, गाढवं, वीटभट्ट्या. लोकांनी खजुरींचे फोटो काढले. भाऊसाहेबांनी फोटो काढला तो पाण्यावरून वाहत आलेल्या जलकुंभीच्या पुंजक्याचा. "हे पाह्य! आपल्या मोर्णेतली!" इतका आनंद त्यांना तुतनखामेनचा मुखवटा बघूनही झाला नव्हता. २०१८ च्या जानेवारीत मोर्णा साफ करायला हजारो अकोलेकर नदीत उतरले होते, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला होता. त्या चिखलात भाऊसाहेबांचे गमबूटही होते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. मोर्णेत उपरी, नाईलमध्येही उपरी. हे कुणी सांगितल्यावर त्यांनी फोटो लगेच जठारपेठेच्या ग्रुपवर टाकला, खाली मजकूर : 'इथेही तीच!'

पण त्यांचं खरं शोधकार्य कापसाचं. वऱ्हाडी माणसाला इजिप्त म्हटलं की पिरॅमिड नंतर सुचतो, आधी लांब धाग्याचा कापूस. आणि ते नातं हवेतलं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडाचं आणि इजिप्तचं नशीब एकदमच उघडलं. आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर दोघांचे भाव एकदमच पडले. त्यामुळे भाऊसाहेबांच्या लेखी इजिप्त हा परदेश नव्हेच. भावकीतलं एक घर, आपल्यापेक्षा जरा पुढे गेलेलं. डोळ्यांवर हात धरून ते तासभर काठ न्याहाळत होते. दिसला तो ऊस. मैलोन् मैल ऊस. शेवटी गाईडनं खुलासा केला की कापूस खाली उत्तरेकडे, त्रिभुज प्रदेशात. या भागात ऊस, आणि कोम ओम्बोला साखर कारखाना आहे.

भाऊसाहेब खुर्चीवर बसले. "म्हणजे हा पश्चिम महाराष्ट्र निघाला!"

मग अनुशेष आला, म्हणजे विदर्भाच्या सिंचनाची थकबाकी. अनुशेषाशिवाय विदर्भातल्या पाटबंधाऱ्यांच्या माणसाचं बोलणं पुरं होत नाही. १९८३ ची दांडेकर समिती, सिंचनाचे आकडे, कुणाचं पाणी कुणाच्या उसाला गेलं. नाईलच्या मधोमध, सूर्याच्या साक्षीनं, सातारच्या एका निरुपद्रवी कुटुंबाला या सगळ्याचा जाब द्यावा लागला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली म्हणून ते वाचले.

जेवणाच्या टेबलावर बोटीची मसूर डाळ आणि आईश भाकरी होती, तरी वहिनींच्या पिशवीतून डबा निघालाच. ठेचा, आणि जवसाची चटणी. सकाळी गाईड म्हणाला होता की ममी गुंडाळायचं तलम कापड जवसाच्याच झाडाच्या धाग्याचं असे. भाऊसाहेबांना ते आता आठवलं. "तीन हजार वर्षं टिकला बाप्पा तो धागा," असं म्हणत त्यांनी चटणीचा मोठा घास घेतला. शेजारच्या नाशिककर बाईंनी वाढून घेतलेली चटणी हळूच ताटाच्या कडेला सारली.

चहाच्या वेळेला नासर तलावाचा हिशेब झाला. महानचं काटेपूर्णा धरण साधारण ८६ दलघमीचं, म्हणजे दशलक्ष घनमीटरचं; अकोल्याच्या नळाला येतं ते पाणी तिथलं. आस्वानच्या उंच धरणामागचा तलाव १,३०,००० दलघमीच्या वरचा. कागदी रुमालावर भागाकार झाला : दीड हजार काटेपूर्णा. हा आकडा बघितल्यावर भाऊसाहेब दोन मिनिटं काहीही बोलले नाहीत. त्या दिवसातली ही एकमेव नोंद घेण्याजोगी शांतता. नंतर म्हणाले, "अन् तरी यायच्या इथे टेलच्या शेतकऱ्याले पानी पोचत असंल का?"

कोम ओम्बोला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. देऊळ अगदी नदीच्या काठावर, आणि सगळंच जोडीनं : दोन दारं, दोन गाभारे, दोन देव. अर्धं देऊळ मगरीच्या तोंडाच्या सोबेकचं, अर्धं थोरल्या होरसचं. गाईड त्यामागचं तत्त्वज्ञान समजावून देऊ लागला, पण भाऊसाहेबांना ते समजलेलं होतं. "वाटनी झाली, दुसरं काय. मधात भिंत टाकली अन् दारं येगयेगळी केली." शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ओळीनं मांडलेल्या. वहिनी म्हणाल्या, "जित्या माणसाले नसंल इतकं जपलं बाई या मगरींना," आणि त्यांनी जाता जाता नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांचं लक्ष नव्हतं. त्यांना विहीर दिसली होती.

गोल, दगडी बांधणीची, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. ही नदीचं पाणी मोजायची विहीर, नाईलमापक. पूर किती चढला ते इथे बघायचं; त्यावरून त्या सालचं पीक किती येणार याचा अंदाज, आणि त्यावरून शेतकऱ्यावर कर किती बसवायचा ते ठरे. इतर ग्रुप इथे अर्धं मिनिट थांबतात, वरून वाकून बघतात आणि पुढे जातात. भाऊसाहेब कठड्याला दोन्ही हात लावून उभे राहिले.

"अरे, ही तं पैसेवारी हाय!"

पन्नास पैशांच्या आत पिकाची पैसेवारी आली तर टंचाई, वर गेली तर सवलती बंद; आणि ती पन्नासच्या आत लावून घ्यायला गावंच्या गावं तहसीलवर कशी धडकतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला फेरोचा तलाठी ओळखू यायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी गाईडला विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा देतो : "हू वॉज टेकिंग रीडिंग? अँड हू वॉज चेकिंग दॅट फेलो?" गाईड म्हणाला, देवळाचे पुजारी. भाऊसाहेब हसले, ते बोट येईपर्यंत हसत होते. मोजणारा आणि वसूल करणारा एकच! तेव्हाही!

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, आता रीडिंग कोण घेतं? कुणीच नाही. १९७० मध्ये उंच धरण पूर्ण झालं आणि वर्षाचा पूर येणं बंद झालं, पुराबरोबर येणारा गाळही वरच अडकला. "मग खत इकत घ्याव लागत असंल. अन् जमिनी खारवत असतीन." गाईडनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. हो, खारवतात. भाऊसाहेबांनी मान डोलावली. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात उमेदवारी केलेल्या माणसाला मातीबद्दल फार विचारावं लागत नाही.

रात्री गलबिया पार्टी. गलबिया म्हणजे तिकडचा पायघोळ झगा. एस्नाच्या लॉकगेटपाशी होडीतले विक्रेते खालून डेकवर गठ्ठे फेकतात आणि सौदा आरडून होतो, तिथे भाऊसाहेबांनी वीस डॉलरचा झगा पाचावर आणला होता. पैसे त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खाली फेकताना मात्र त्यांचा हात थरथरला, कारण पावती मिळणार नव्हती. तो निळा झगा आणि खाली मोजे-बूट घालून ते आले. ढोल सुरू झाला, सातारकर नाचायला लागले, पुणेकर नाचणाऱ्यांचे दोष सांगायला लागले.

भाऊसाहेब गाईडला शोधत कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की वरती इथिओपियानं जे मोठं धरण बांधलं, त्याचं काय? दिवसभर पाठ केलेलं बोलणारा तो माणूस एकदम खुर्ची ओढून बसला. १९५९ चा करार, इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, इथिओपिया त्यात कुठेच नाही; आणि आमचं जवळजवळ सगळं पाणी बाहेरून येतं, सांगा आम्ही काय करायचं? त्यानं टेबलावर मिठाच्या डबीचं धरण केलं. भाऊसाहेबांनी मिरपुडीची डबी उचलून तिचं सुदान केलं. मग गोदावरीचा पाणीवाटप लवाद निघाला, त्याचे अध्यक्ष बच्छावत निघाले, वरचा आणि खालचा यांचं भांडण, कुणाचा हक्क आधीचा, तुटीच्या वर्षी काय करायचं. दोघांचं इंग्रजी आपापल्या गावचं होतं, पण कुठे अडलं नाही. टूर मॅनेजर दोनदा येऊन गेला. ढोलवाले ढोल आवरून गेले.

शेवटी वहिनीच आल्या. "अहो, उद्या चार-पाच-सहा आहे. झोपायचं नाई का? त्या बिचाऱ्याले तरी झोपू द्या."

"थांब ना वं," निळ्या झग्यातून भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "आताशी मुख्य कालवा झाला, चाऱ्या बाकीच हायेत."