बंदोबस्ताला सगळे, बचावाला एकटा

तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यात आली की वालचंदनगर ठाण्यातल्या हवालदाराची सुट्टी संपते. अंथुर्ण्यात तो रस्त्याच्या कडेला उभा असतो. गळ्यात शिट्टी, हातात काठी, पायात पहाटेपासून न काढलेले बूट. एका अंगाला दिंड्यांचे ट्रक, दुसऱ्या अंगाला पाण्याचे टँकर, मधून म्हातारी माणसं चालली आहेत. ट्रक मागे येतोय म्हणून तो एकाला हाताने बाजूला सारतो. माणूस पडतो. तिघं मोबाईल काढतात.

एवढ्यावर खटला उभा राहू शकतो.

उभा राहिलाच, तर या हवालदाराचा वकील कोण? सरकार? सरकारने परवानगी दिली तर. एसपी ऑफिसातला विधी अधिकारी? तो खात्याचा सल्लागार आहे आणि हवालदारावर चौकशी लावणारंही खातंच आहे. म्हणजे ज्याने नोटीस काढली त्याच्याच सल्लागाराकडे मदत मागायची.

मग राहतो तो बायकोचा दागिना आणि सोसायटीचं कर्ज.

निलंबन झालं तर निर्वाह भत्ता मिळतो, तो साधारण निम्म्या पगाराइतका. पगार अर्धा होतो, वकिलाची फी मात्र पूर्ण द्यावी लागते. निलंबनाविरुद्ध दाद मागायची तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं, आणि पुणे जिल्ह्याचं मॅट मुंबईत आहे. अंथुर्ण्यातून तारखेला निघालेला माणूस वकिलाला भेटून परत येईपर्यंत दिवस आणि रात्र दोन्ही खर्ची पडतात. पुढची तारीख घेऊनच तो परततो.

आता त्याच गावातली बाकीची सरकारी माणसं पाहा. तलाठ्याला संघटना आहे. ग्रामसेवकाला आहे. शिक्षकांना एक नाही, अनेक आहेत. नदीकाठी वाळूच्या ट्रॅक्टरवर कारवाई करताना तलाठ्याला धक्काबुक्की झाली की संघटनेचं निवेदन निघतं, तहसीलपुढे माणसं जमतात. कारवाईत शेजारी उभ्या असलेल्या शिपायालाही तोच मार बसलेला असतो.

त्याचं निवेदन कोण देणार?

आणखी जवळचं उदाहरण घ्या. गावचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली काम करतो. पोलीस पाटलांच्या संघटना आहेत, त्यांनी मुंबईपर्यंत धडक मारली, आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेलं. चांगलं झालं, मागून मिळवलं. वर्दीतल्या पोलिसाने परवानगीशिवाय अशी संघटना काढून मागितलं तर तो गुन्हा ठरतो.

हो, गुन्हा. पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायदा, १९६६. परवानगीशिवाय कामगार संघटनेत, राजकीय संघटनेत किंवा दलाने मान्य न केलेल्या कुठल्याही संस्थेत सामील झालात तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सूट कशाला आहे? निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक संस्थांना. म्हणजे हवालदाराने भजनी मंडळात टाळ वाजवावा, क्रिकेटचा संघ काढावा, कायद्याला चालतं. चार हवालदारांनी वकिलाच्या सोयीसाठी मिळून संघटना काढायची म्हटलं की परवानगी लागते.

राज्यघटनेचं ३३ वं कलम संसदेला हा अधिकार देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्ली पोलिसांच्या संघटनेच्या प्रकरणात कायदा वैध ठरवला. हत्यार हाती असलेल्या दलाला संपाचा हक्क नसावा, हे मलाही मान्य आहे. पण संप आणि वकील या दोन गोष्टी एकाच दोरीत कोणी बांधल्या? आणि का?

इतिहास विचारला की एकच वर्ष सांगितलं जातं. १९८२.

तेव्हा महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, तिला सरकारची मान्यताही होती. ऑगस्टमध्ये मान्यता काढली गेली, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि १८ ऑगस्टला मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले. दंगल झाली, जाळपोळ झाली, लष्कर आलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. गिरणी संप आधीच पेटलेला. कितीतरी पोलीस बडतर्फ झाले. शिपायांनी तेव्हा काय मागितलं होतं? कामाचे तास, घर, साहेबाच्या घरची धुणीभांडी बंद. त्या मागण्या आज कोणी चुकीच्या म्हणेल का?

वर्षं चाळिसाच्या पुढे गेली. संघटना गेली ती गेलीच.

संघटना नसली की काय होतं, ते २०१६ ने दाखवलं. मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या पोराला अडवलं म्हणून वाहतूक शाखेचे विलास शिंदे यांच्या डोक्यात वार झाला. ते वाचले नाहीत. तेव्हा दाद मागायला पुढे कोण आलं? पोलिसांच्या घरच्या बायका. नवऱ्याला तोंड उघडायची बंदी, म्हणून बायकोने मंत्र्यापुढे उभं राहायचं. वर्दीतल्या दोन लाख माणसांच्या वतीने बोलायची हीच एक रीत या राज्याने शिल्लक ठेवली आहे.

त्याच वर्षी मुंबईच्या देवनार ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने आठ तासांच्या ड्युटीचं गणित मांडलं. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकलं आणि ठाण्यात लागू केलं. बारा तास राबणाऱ्याच्या डोक्यात उपाय तयार होता. ऐकणारा साहेब भेटला म्हणून तो कामी आला.

न ऐकणारा भेटला असता तर?

साहेबांचं म्हणाल, तर आयपीएस असोसिएशन आहे. ती निवेदनं काढते, सहकाऱ्याच्या पाठीशी उभी राहते. राहावंच. पण वरच्या हुद्द्याला असोसिएशन आणि खालच्याला शिस्त, ही वाटणी कुठल्या न्यायाची?

खटला भरण्यापूर्वीच्या परवानगीचं कवचही असंच वरून खाली पातळ होत येतं. जुनं १९७ वं कलम, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८ वं. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला नोकरीतून काढता येत नाही, त्याच्यावर खटल्याआधी सरकारची परवानगी लागते. शिपायाला तर एसपी काढू शकतो. म्हणजे मूळ तरतुदीत तो बसत नाही. राज्याने अधिसूचना काढली तर त्याला आसरा मिळतो, तोही सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कामापुरता. अधिकाऱ्याला कायद्याच्या मजकुरातच जागा, हवालदाराला अधिसूचनेत.

इथे वाचक हात वर करणार. पोलिसांना आणखी संरक्षण? कोठडीत माणसं मरतात, चकमकी खोट्या निघतात, तक्रार घ्यायला गेलं तर हाकलून देतात, आणि वर यांना वकील?

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तर नीट ऐका.

मुंबईतली लखनभैयाला मारणारी खोटी चकमक, नोव्हेंबर २००६. सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये तेरा पोलिसांना जन्मठेप दिली. त्यात शिपाई, हवालदार हुद्द्याची माणसं होती. वरिष्ठ अधिकारी प्रदीप शर्मा यांना त्याच न्यायालयाने निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने ते फिरवून त्यांना जन्मठेप दिली ती १९ मार्च २०२४ ला. खालचे आधी आत गेले, वरच्यापर्यंत पोहोचायला आणखी अकरा वर्षं लागली.

चौकशीच्या पहिल्या दिवशी शिपायाला साहेबाचा वकील मिळाला तर तो साहेबाची गोष्ट सांगतो. स्वतःचा वकील मिळाला तर स्वतःची सांगतो. आदेश कोणी दिला, गाडीत कोण होतं, स्टेशन डायरी कोणी लिहायला लावली, हे बाहेर यायचं असेल तर शिपाई साहेबाच्या उपकाराखाली नसला पाहिजे. कोठडीत मेलेल्या पोराच्या आईला न्याय हवा असेल, तर त्या रात्री ड्युटीवर असलेल्या शिपायाला स्वतंत्र वकील मिळणं तिच्याच हिताचं आहे.

हे अजून कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही?

अमेरिकेत पोलिसांच्या संघटना भक्कम आहेत. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस १९१५ पासूनची. वर्गणी भरा, खटला झाला की वकील मिळतो. त्या संघटनांनी नको त्यांना पाठीशी घातलं हेही खरं, त्यांचे करार वाचून तिथले नागरिक संतापतात. पण जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवून त्याचा जीव घेणाऱ्या पोलीस डेरेक शोविनचं काय झालं? मिनेसोटातल्या पोलीस संघटनेच्या निधीतून त्याच्या वकिलाचा खर्च झाला. आणि एप्रिल २०२१ मध्ये तो दोषी ठरला. बचावाची पूर्ण संधी दिल्यावर झालेली शिक्षा होती ती. वकील नव्हता, ऐकून घेतलं नाही, असं म्हणायला कोणाला जागाच उरली नाही.

इंग्लंडचं उदाहरण तर आपल्याला जास्त लागू पडतं, कारण पोलिसांवरचे निर्बंध आपण तिकडूनच शिकलो. लंडनचे पोलीस १९१८ मध्ये संपावर गेले, १९१९ मध्ये पुन्हा संप झाला. सरकारने १९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जायला मनाई केली. संपवाले बडतर्फ झाले. पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन उभं केलं. पोलिसांच्या तक्रारी मांडणारी, आज कायदेशीर मदत देणारी, कायद्यानेच जन्माला घातलेली संस्था. मनाई आणि पर्याय एकाच कागदावर. आपण मनाई तेवढी घेतली.

पर्यायाचं पान फाडलं कोणी?

दूर कशाला, केरळात जा. तिथे शिपायांची केरळ पोलीस असोसिएशन आहे, अधिकाऱ्यांची वेगळी आहे. निवडणुका होतात, अधिवेशनं होतात, मंत्री व्यासपीठावर येतात. देश एक, १९६६ चा कायदाही तोच. तिरुवनंतपुरमला चालतं ते पुण्याला का चालत नाही? कायद्यात लिहिलंय ‘परवानगीशिवाय नाही’. म्हणजे परवानगीने होऊ शकतं. संसदेत जायला नको, घटना बदलायला नको.

पैशाचं म्हणाल तर तोही अडसर नाही. राज्यात दोन लाखांच्या आसपास पोलीस आहेत. प्रत्येकी महिना पन्नास रुपये धरले तर वर्षाला बारा कोटी होतात. एवढ्यात जिल्ह्याजिल्ह्याला वकिलांचं पॅनेल बसतं. सरकारकडे एक रुपया मागायची गरज नाही. आज पगाराच्या खात्यावर अपघाती विमा आहे, माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते. मेल्यावरची सोय झाली, जिवंतपणी कोर्टात उभं राहायची कधी होणार?

नियमही कडक ठेवा. संप नाही, राजकारण नाही, बदल्यांची वशिलेबाजी नाही. हिशेब दरवर्षी उघडा. लाच घेताना सापडलेल्याला आणि कोठडीत हात उचलणाऱ्याला वकील मिळेल, पण मोर्चा मिळणार नाही, हार मिळणार नाही, ‘आमचा वाघ’ म्हणून फ्लेक्स लागणार नाही. ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. ते कॅमेरे चालू ठेवायची मागणी या संघटनेने पहिली करावी. खऱ्या पोलिसाचा सगळ्यात स्वस्त साक्षीदार तोच आहे.

तोवर एक सावधगिरी. ‘पोलीस संरक्षण’, ‘मानवाधिकार’ अशा भारदस्त नावांची ओळखपत्रं विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. फी घेतात, कार्ड देतात, गाडीच्या काचेला स्टिकर देतात. तरुण शिपायांनो, त्यांच्या नादी लागू नका. कोर्टात ते कार्ड कोणी विचारत नाही, आणि १९६६ चा कायदा मात्र तुम्हालाच विचारेल. सामील व्हायचंच तर दलाने मान्य केलेल्या संघटनेत.

ती अजून नाही. ती मागावी लागेल, आणि पोलिसाला मागायची सोय नाही म्हणून आपण मागायला हवी.

अंथुर्ण्याला लागून भरणेवाडी आहे. तिथले दत्तात्रय भरणे २०१४ पासून इंदापूरचे आमदार आहेत आणि राज्याच्या मंत्रिमंडळात बसतात. गावकऱ्यांनी रस्त्याची, पाण्याची, उसाच्या बिलाची निवेदनं त्यांना अनेकदा दिली असतील. त्यात आणखी एक द्या, ग्रामसभेच्या ठरावासकट: महाराष्ट्रातल्या शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या पोलिसांना कायदेशीर मदतीसाठी मान्यताप्राप्त संघटना काढायची परवानगी द्या, आणि गृह खात्याचं उत्तर लेखी आणा.