वर्सोवा पुलापलीकडचं शुद्ध पेट्रोल

प्रति,
आदरणीय पेट्रोलतज्ज्ञ काका,
ए विंग, तिसरा मजला (प्रत्यक्षात : गेटवरची प्लास्टिकची खुर्ची),
मिरा रोड (पूर्व)

विषय : आपला लाडका पंप सोडून इतर सर्व पंपांचे पेट्रोल म्हणजे 'नुसतं पाणी' असल्याबाबत.

संदर्भ : लिफ्ट बंद असताना जिन्यात मिळालेले आपले पाऊण तासाचे मार्गदर्शन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी आपल्या सल्ल्याचे सहा महिने तंतोतंत पालन केले. दर रविवारी गोल्डन नेस्टवरून निघायचं, काशीमिऱ्याचा सिग्नल झेलायचा, फाउंटनपाशी ट्रकांच्या मागे गिअर एक-दोन करत सरकायचं आणि वर्सोवा पूल ओलांडून टाकी फुल करून यायचं. शुद्ध पेट्रोल आणायला जाता-येता दीड लिटर जळायचं. पण शुद्धतेचा खर्च कोणी मोजतं का?

आपल्या आज्ञेवरून सहालाच पोचायचो, कारण 'थंडीत पेट्रोल दाट असतं, लिटरमागे जास्त मिळतं'. पंपाची टाकी जमिनीच्या पोटात पुरलेली असते. तिथे सकाळ-दुपारचा फरक जेमतेम पोचतो. झोप मात्र पूर्ण गेली. आपण सुचवलेलं महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही दोनदा भरलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, असं मेकॅनिकने सांगितलं. माझ्या २०१२ च्या साध्या गाडीला त्याची गरजच नव्हती. तिचा 'पिकअप' एकदाच सुधारला, त्याच मेकॅनिकने टायरमध्ये हवा भरली तेव्हा.

माझ्या श्रद्धेला पहिला तडा गेला तो मुंबईतल्या माहुलमुळे. तिथे दोन सरकारी तेलकंपन्यांच्या रिफायनऱ्या आहेत, आणि या कंपन्या सोयीप्रमाणे एकमेकींचा माल उचलतात. पंपाची पाटी निळी असो की लाल, आतलं मूळ पेट्रोल बऱ्याचदा एकाच घरचं. फरक पडतो तो कंपनीने वरून घातलेल्या ॲडिटिव्हचा, आणि त्याहून जास्त पंपाची टाकी कशी राखली आहे याचा. 'टँकर रिकामा होत असताना पेट्रोल भरू नये' हा आपला एक सल्ला मात्र मी अजून पाळतो. तळाचा गाळ तेव्हा ढवळला जाऊ शकतो.

पण काका, आपण पंपांची भांडणं लावत बसलात आणि पेट्रोल सगळीकडे एकदमच बदललं. २०१४ मध्ये त्यात दीड टक्का इथेनॉल होतं. २०२२ मध्ये दहा टक्के झालं. २०२५ मध्ये वीस. आता टाकीतला प्रत्येक पाचवा लिटर ऊस, मका किंवा तांदूळ आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या समितीने २०२१ मध्येच लिहून ठेवलं होतं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे माझं हरवलेलं मायलेज वर्सोवा पुलापलीकडे सापडण्यासारखं नव्हतंच.

आणि 'नुसतं पाणी' म्हणता, तर तेही ऐका. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी झिरपलं, तर दोघं हातात हात घालून तळाला जाऊन बसतात. म्हणून मोजकाठीला पेस्ट लावून पाणी तपासायचं असतं. हे काम गेटवरच्या खुर्चीतून होत नाही.

मागच्या रविवारी मी धीर करून पंपावर भेसळ तपासायचा फिल्टर पेपर मागितला. पोऱ्याने 'झिरो बघा' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच ठेवलं. मग ऑफिसात गेला, ड्रॉवर धुंडाळला, कोपरे दुमडलेला एक कागद घेऊन आला. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकला. गोल ओला डाग पसरला, कडेने आत सरकत सरकत दोन मिनिटांत उडून गेला. कागद कोरा. डाग राहिला असता तर भेसळीचा संशय. अर्थात इथेनॉलही तसंच उडून जातं. कागदाला रॉकेल कळतं, ऊस कळत नाही. पुढे पेट्रोल पुरतं मिळतं का हे बघायला पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागणार होतो. इतक्यात मागे सात रिक्षांचे हॉर्न सुरू झाले, आणि मी माप न मागताच गाडी काढली.

रिकाम्या रस्त्याला लागल्यावर एक जुनी बातमी आठवली आणि लाज वाटली. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे टँकरांपाशी चाललेली भेसळ बघून थांबले. तेलमाफियांनी त्यांना तिथेच जिवंत जाळलं. तपासायला थांबण्याची ती किंमत होती. आपल्याला फिल्टर पेपर, माप आणि घनतेची नोंद नुसती मागायची आहे. तो ग्राहकाचा हक्क आहे, पंपावर पाटीही असते. आणि आपण हॉर्नला घाबरतो.

तरी विनंती की, येत्या रविवारी आपण खुर्ची सोडून माझ्याबरोबर जवळच्याच पंपावर यावे. माप त्यांच्याकडे असतेच. मागच्या रिक्षांना ऐकू जाईल असा आवाज मात्र माझ्याकडे नाही. तो आपण आणावा.

आपला नम्र,
बी विंग, पार्किंग नंबर अकरा