सोर्सबहाद्दर

प्लगइन तयार मिळत असताना त्याचा मूळ कोड उतरवून घेऊन तो स्वतःच्या लॅपटॉपवर कम्पाइल करणाऱ्या गृहस्थाला सोर्सबहाद्दर म्हणावे. पुणे-पिंपरीच्या आयटी पट्ट्यात हा मुबलक आढळतो. नाशिक-कोल्हापूरकडेही आहे, पण तिथे तो जेवायला वेळेवर उठतो. अंगावर कुठल्यातरी परिषदेत फुकट मिळालेला टी-शर्ट आणि शेजारी साय धरलेला चहा, ही ओळखीची खूण. इतरांनी अडचण विचारली की तो खेकसतो, ‘पूर्ण लॉग पाठव. स्क्रीनशॉट नको.’ स्वतःचा लॉग मात्र तो कधीच पूर्ण वाचत नाही. वाचन सोडून बाकी सर्व उपाय करणे हा त्याचा स्थायीभाव आहे.

त्याचे वर्तन गिम्प या चित्रसंपादन प्रोग्रामच्या रीसिंथेसायझर या प्लगइनच्या निमित्ताने चांगले अभ्यासता येते. फोटोतली नको असलेली वस्तू पुसून ती जागा आजूबाजूच्या पोताने भरून काढणे, हे या प्लगइनचे काम. बहाद्दराच्या राजगडाच्या फोटोत बालेकिल्ल्यासमोर मेव्हणा उभा असतो. एवढे कारण त्याला पुरते.

पहिला टप्पा कन्फिगरचा. ‘रीडमी’ नावाच्या फाइलीत आधी काय बसवायचे ते लिहिलेले असते, म्हणून ती उघडली जात नाही. पडद्यावर ‘चेकिंग… येस’च्या ओळी धावू लागतात आणि बहाद्दर खुर्चीत रेलतो. मग गिम्प सापडत नसल्याचा निरोप येतो. ‘सापडत नाही? हे काय समोर उघडं आहे!’ असे तो यंत्राला ऐकवतो. यंत्राचे म्हणणे बरोबर असते. गिम्प चालवायला तयार लायब्ररी पुरते. त्यासाठी काही कम्पाइल करायचे तर हेडर फाइली लागतात आणि त्या कुठे आहेत हे सांगणारी पीकेजी-कॉन्फिगची फाइलही लागते. हा ऐवज लिनक्सच्या डेबियन-उबुंटू वाणांत नावापुढे ‘डेव्ह’ आणि फेडोरात ‘डेव्हल’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजात असतो. हे त्याला चौथ्या खेपेस पटते. तोवर गिम्प दोनदा काढून पुन्हा बसवलेले असते.

दुसरा टप्पा मेकचा. मेकफाइलीतल्या आज्ञांप्रमाणे कोड कम्पाइल करून घेणारे मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले आणि त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅब सक्तीचा केला. मेकफाइलचा तुकडा कुठून तरी चिकटवताना टॅबच्या जागी स्पेस आल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून मेक अडते. बहाद्दर त्या ओळीकडे टक लावून बघतो. ओळ निर्दोष दिसते, कारण दोष दिसण्यासारखा नसतो.

पुढे खऱ्या चुकांचा पाऊस पडतो. एक हेडर सापडले नाही की त्यातला प्रत्येक प्रकार कम्पायलरला अनोळखी होतो आणि शेकडो ओळींची तक्रार उमटते. पहिली चूक दुरुस्त केली की बाकीच्या बहुतेक आपोआप जातात. पण पहिली चूक वर सरकून गेलेली असते आणि बहाद्दर शेवटच्या ओळीशी भांडत बसतो. त्यातून त्याने घाईपोटी एकाच वेळी आठ कामे लावलेली असतात, त्यामुळे आठ फाइलींच्या तक्रारी एकमेकींत मिसळतात. एकच काम लावून सगळे आउटपुट फाइलीत उतरवणे आणि ती वरून वाचणे हा यावरचा उतारा आहे. त्याऐवजी बहाद्दर आज्ञेला ‘सुडो’ लावतो, म्हणजे ती रूट या सर्वाधिकारी खात्यातून चालवतो. सुडो म्हणजे त्याच्या मते आवाज चढवणे. चूक तशीच राहते, फक्त नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या खेपेला ‘परमिशन डिनाइड’ची भर पडते.

कोड जुना आणि कम्पायलर नवा असला की ‘पूर्वी चालायचं’ हे पालुपद सुरू होते. ते खरेही असते. जीसीसी या कम्पायलरच्या २०२० मधल्या १० व्या आवृत्तीपासून एकच ग्लोबल चल ‘एक्स्टर्न’ न लावता अनेक फाइलींत घोषित केलेले डीफॉल्टने खपत नाही. २०२४ च्या जीसीसी १४ ने सी भाषेत घोषणा न करता फंक्शन वापरणे इशाऱ्याच्या यादीतून उचलून थेट चुकांत टाकले. दोन्हींना जुनी सवलत देणारे पर्याय आहेत, पण ते कागदपत्रांत लिहिलेले आहेत.

तिसरा टप्पा लिंकरचा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसताच बहाद्दर पुन्हा हेडर शोधू लागतो. वास्तविक कम्पायलरचे काम तोवर आटोपलेले असते. लायब्ररी जोडायची राहिलेली असते, नाहीतर आज्ञेत तिचे नाव ती वापरणाऱ्या फाइलींच्या आधी आलेले असते. आतून हाक येते, ‘अहो, जेवताय ना?’ ‘आलोच, लिंकिंग चाललंय,’ असे उत्तर जाते. घरात हे उत्तर नकारार्थी धरतात.

शेवटचा टप्पा इन्स्टॉलचा. सारे बिनतक्रार पार पडते आणि गिम्पच्या मेनूत प्लगइन दिसत नाही. वेगळे काही सांगितले नाही तर माल बहुधा ‘यूएसआर-लोकल’मध्ये जाऊन पडतो आणि गिम्प आपल्याच प्लगइन फोल्डरात शोधत राहते. तिथे तो हलवला, चालवण्याची परवानगी दिली, की काम होते. मेव्हणा पुसला जातो आणि त्याच्या जागी तटबंदीचा एक जादा तुकडा उगवतो. इतिहासाला तो ठाऊक नसतो. बहाद्दर फोटोकडे ओझरते पाहतो आणि टर्मिनलचा स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवतो.

हा विजय अल्पायुषी असतो. मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आले आणि २.१० साठी बांधलेले प्लगइन त्यात चालेनासे झाले. त्यांचा कोड नव्या आवृत्तीसाठी बदलावा लागतो. साध्या वापरकर्त्याला ही बातमी त्रासाची वाटते. बहाद्दर ती घरी आनंदाने सांगतो आणि रीडमी न उघडता नवा सोर्स उतरवायला घेतो.