एकास अनेक वह्या : उमेदवार रचनाकारांसाठी मार्गदर्शिका

वर शोधाची चौकट, मध्ये टिपणांची यादी आणि खालच्या कोपऱ्यात अधिक चिन्हाचे एक बटण, याखेरीज ज्यात काहीही नाही असे टिपणे लिहिण्याचे साधेसुधे ॲप सिद्ध करून जो रचनाकार समाधानाने झोपी जातो, त्याच्या हाती पुढे जो पहिला अर्ज पडतो तो बहुधा असा असतो : "ॲप अगदी साधे आहे, म्हणूनच आवडले, फक्त एकाऐवजी अनेक वह्या करण्याची सोय तेवढी व्हावी." अर्जदाराच्या या विनयावर भाळून जो तत्काळ होकार देतो, त्याच्या हे ध्यानी येत नाही की, जोवर वही एक आहे तोवर तिला नाव लागत नाही, क्रम लागत नाही आणि तिच्या मरणोत्तर मालमत्तेची तजवीजही करावी लागत नाही, परंतु दुसरी वही अस्तित्वात आली की त्याच क्षणी पहिलीलाही या साऱ्याची गरज उत्पन्न होते, आणि कालपर्यंत केवळ कारागीर असलेला मनुष्य आज मामलेदार होऊन बसतो. सबब, हा अधिकार ग्रहण करू इच्छिणाऱ्या उमेदवारांच्या मार्गदर्शनार्थ पुढील कलमे क्रमवार दिली आहेत. ती निष्ठेने पाळावीत, आणि जेथे ती परस्परविरोधी वाटतील तेथे दोन्ही पाळावीत.

कलम १ : मागणीची चौकशी

वही मंजूर करण्यापूर्वी अर्जदारास ती कशासाठी हवी आहे याची गुप्तपणे चौकशी करावी. अर्जदारांचे तीन वर्ग आढळतील. पहिल्यास घरचे आणि कचेरीचे वेगळे ठेवायचे असते. दुसऱ्यास किराण्याची यादी पत्नीस दिसावी, पण रोजनिशी दिसू नये, असे वाटत असते. या दोघांची गरज खरी असून ती मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. तिसरा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत उत्साही. त्याला वही नको असते, आरंभ हवा असतो. जून महिन्यात कोऱ्या वहीला खाकी कव्हर घालून, त्यावर चौकोनी लेबल डकवून, विषयाचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिण्यात जो आनंद असे, आणि पहिल्या पानावरील पहिल्या खाडाखोडीबरोबर जो कायमचा संपत असे, त्या आनंदाचा हा प्रौढ वयातील शोध आहे. असा गृहस्थ एका बैठकीत 'वाचन', 'व्यायाम', 'गुंतवणूक', 'पाककृती' आणि 'इंग्रजी सुधारणे' अशा पाच वह्या उघडतो, व प्रत्येकीत एकेक टिपण घालतो, ज्याचा संपूर्ण मजकूर 'सोमवारपासून' एवढाच असतो. त्याला नकार देऊ नये. रिकाम्या वहीला डेटाबेसात एका ओळीची जागा पुरते, आणि इतक्या अल्प खर्चात मनुष्याला नवजीवनाचा प्रत्यय देणारी अन्य योजना उपलब्ध नाही.

या आनंदाला बाजारभावही आहे. एव्हरनोट या विख्यात ॲपने डिसेंबर २०२३ पासून नव्या-जुन्या फुकट खातेदारांस ५० टिपणे आणि एक वही एवढीच मर्यादा घालून दिली. त्यावरून पहिली वही ही गरज व दुसरी वही ही चैन होय असा फैसला झाल्यासारखेच आहे, आणि चैनीच्या वस्तूंवर पट्टी बसविण्याची रीत सर्व राज्यांत जुनी आहे.

कलम २ : मूळ वही

ज्या टिपणाबद्दल कोणताही हुकूम झालेला नाही ते जेथे जाऊन पडेल अशी एक मूळ वही असलीच पाहिजे. तिचे नाव बदलण्याची मुभा द्यावी, पण तिला काढून टाकण्याची देऊ नये. जुन्या वापरकर्त्याने ॲपची नवी आवृत्ती घेतली की त्याची आजवरची सारी टिपणे, त्याला एकही प्रश्न न विचारता, या मूळ वहीत दाखल व्हावीत. सकाळी उठून चहाबरोबर ॲप उघडणाऱ्या माणसास 'आपली टिपणे कोणत्या वहीत हलवू?' असे विचारणे म्हणजे त्याच्याच घराच्या दारात त्याला रहिवासाचा दाखला मागणे होय. आणि जोवर वापरकर्त्याने स्वतः दुसरी वही उघडलेली नाही, तोवर वह्या नावाची काही संस्था या जगात आहे याचा मागमूसही पडद्यावर दिसू देऊ नये.

कलम ३ : टिपणाचा अधिवास

प्रत्येक टिपणाच्या नोंदीत आणखी एक रकाना घालून त्यात वहीचा ओळख क्रमांक लिहावा. वहीचे नाव लिहू नये, कारण नाव बदलण्याची लहर माणसास रात्री-अपरात्री येते, आणि त्या लहरीपायी शेकडो टिपणांत फेरफार करीत बसण्याचे कारण नाही. येथवर सोपे आहे. यापुढे दोन संप्रदाय आहेत. एका टिपणास एकच वही, हा पहिला. जॉप्लिन आणि एव्हरनोट ही ॲपे त्यात मोडतात. टिपणास वही नकोच, हव्या तितक्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, हा दुसरा. जीमेलने २००४ मध्ये पत्रांच्या बाबतीत तो रूढ केला, आणि सिंपलनोट व गूगल कीप यांनी टिपणांच्या बाबतीत अनुसरला.

दोहोंतील तंटा समजण्यासाठी एकच टिपण पुरे : 'बाबांच्या मोतीबिंदूचा खर्च, विम्याच्या कागदांसह.' हे 'घर' या वहीत जावे, 'आरोग्य' या वहीत, 'पैसा' या वहीत की 'बाबा' या वहीत? पहिल्या संप्रदायात वापरकर्ता अखेरीस त्याच्या चार प्रती करतो, पुढे त्यांपैकी एकीतच औषधांचा खर्च वाढवितो, आणि विमा कंपनीस नेमकी दुसरीच प्रत पाठवितो. दुसऱ्या संप्रदायात तो चारही चिठ्ठ्या चिकटवून, सुरक्षिततेसाठी 'महत्त्वाचे' ही पाचवी जोडतो, आणि वर्षभरात ती सर्वच टिपणांवर विराजमान होते.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. त्या कागदांना रुमाल अपरिहार्य होता, कारण कागद एका वेळी एकाच रुमालात राहू शकतो. संगणकातील टिपणावर ही सक्ती नाही. ती सक्ती आपण केवळ परिचयाच्या लोभाने त्याच्यावर लादतो, हे रचनाकाराने मनात ठेवावे आणि बाहेर बोलू नये. साध्या ॲपाने पहिलाच संप्रदाय पत्करावा. दोन्ही पत्करल्यास 'महत्त्वाचे' नावाची वही आणि 'महत्त्वाचे' नावाची चिठ्ठी अशा दोन वस्तू लवकरच उत्पन्न होतील, आणि त्यांतील टिपणे एकमेकांशी जुळणार नाहीत.

कलम ४ : वहीच्या पोटात वही

अनेक वह्या मिळाल्या की वहीत वही मागितली जाते. ज्या देशात सुभा, परगणा, तर्फ आणि मौजे या उतरंडीने कारभार चालला त्या देशातील माणसास ही मागणी नैसर्गिक वाटते. परंतु त्या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर एकेक पगारी अंमलदार बसलेला असे, आणि येथे तो सर्व अंमल एकट्या वापरकर्त्याने विनावेतन करावयाचा असतो. 'घर' मध्ये 'स्वयंपाकघर', त्यात 'फ्रिज', त्यात 'दुरुस्ती' अशी चार मजली व्यवस्था लावणारा गृहस्थ दुरुस्तीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र मूळ वहीतच लिहितो, कारण क्रमांक मिळाला तेव्हा तो जिन्यात उभा होता. एव्हरनोटने वह्यांची चळत करू दिली, पण चळतीत चळत करू दिली नाही; ही एक पायरीची मर्यादा शहाणपणाची आहे. साध्या ॲपात तीही देऊ नये. अर्जदार फारच हट्टास पेटल्यास त्याच्या अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मारावा. हा शेरा असत्य नसून त्यास मुदतही नसते.

कलम ५ : नामकरण आणि अनुक्रम

नाव काय ठेवावे हे वापरकर्त्याच्या मर्जीवर सोडावे, पण ते नाव साठवायचे कोठे यावर आपली नजर असावी. प्रत्येक वहीसाठी डिस्कवर त्याच नावाचा फोल्डर करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांचा पहिलाच वापरकर्ता 'जमाखर्च २३/२४' ही वही उघडतो, आणि मधल्या तिरप्या रेघेला संगणक मार्गाची खूण समजत असल्यामुळे 'जमाखर्च २३' या फोल्डरच्या पोटात '२४' नावाचे अपत्य जन्मास येते, किंवा वही मुळी उघडतच नाही. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा छाटून टाकावी, नाहीतर डोळ्यांना सर्वस्वी एकरूप दिसणाऱ्या 'घर' नावाच्या दोन वह्या एकमेकींशेजारी नांदू लागतील.

अनुक्रमाची गोष्ट याहून नाजूक आहे. संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांप्रमाणेच वह्या लावल्या तर 'क्षेत्रभेटी' ही वही 'खर्च' या वहीच्या आधी येते, कारण त्याच्या हिशेबी क्ष हा निव्वळ क आणि ष यांचा संयोग होय. बालबोध वर्णमाला पाठ केलेला मराठी मनुष्य मात्र तिला यादीच्या तळाशी, ज्ञच्या शेजारी शोधीत असतो. त्याच न्यायाने 'संकीर्ण १०' ही 'संकीर्ण २' च्या अगोदर येऊन बसते. सबब मराठी वर्णक्रम आणि आकड्यांचे मोल जाणणारी क्रमपद्धती योजावी, आणि त्याशिवाय वही बोटाने वर-खाली सरकविण्याची मुभाही द्यावी. सर्व शास्त्रशुद्ध क्रम उपलब्ध असताना वापरकर्ता हीच मुभा वापरील व 'व्यायाम' ही वही सर्वांत वर नेऊन ठेवील.

कलम ६ : वहीचा अंत

रचनाकाराच्या नीतिमत्तेची कसोटी वही निर्माण करताना लागत नाही, काढून टाकताना लागते. 'ही वही काढून टाकायची का? हो / नाही' असा प्रश्न विचारून जो थांबतो, त्याने आतील टिपणांचे काय होणार हे गुलदस्तात ठेवून माणसाची संमती घेतलेली असते, आणि अशी संमती कोणत्याही न्यायासनापुढे टिकू नये. मजकूर असा असावा : 'पाककृती ही वही आणि तीतील १७ टिपणे कचरापेटीत जातील. टिपणे राखायची असल्यास ती मूळ वहीत हलवा.' दोन बटणांवर 'कचरापेटीत टाका' आणि 'मूळ वहीत हलवा' असे स्पष्ट शब्द लिहावेत, 'हो' आणि 'ठीक' लिहू नये. कचरापेटीतून परत आणलेल्या टिपणाची वही मध्यंतरी नाहीशी झालेली असल्यास त्याला मूळ वहीत आसरा द्यावा.

डेटाबेस हे सर्व आपोआप सांभाळील या भरवशावरही राहू नये. एसक्यूलाइट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसात टिपण आणि वही यांचे नाते राखणारा नियम तुम्ही लिहून ठेवलात, तरी प्रत्येक जोडणीच्या वेळी तो चालू करण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो, कारण मुळात तो बंद असतो. हुकूम द्यायचा राहिला की वही जाते आणि टिपणे मागे उरतात : नष्टही नाहीत, दृश्यही नाहीत, कोणत्याही यादीत नाव नसलेली.

सर्वांत कठीण प्रसंग दोन यंत्रांचा. पत्नीने घरच्या संगणकावर 'सहल' ही वही काढून टाकली, त्याच वेळी पती खंडाळ्याच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीत बसून, भ्रमणध्वनीस रेंज नसताना, त्याच वहीत हॉटेलचा पत्ता लिहितो आहे. गाडी बोगद्याबाहेर येते आणि टिपण मृत वहीच्या पत्त्यावर सर्व्हरला पोचते. अशा वेळी लेखन श्रेष्ठ आणि नाश कनिष्ठ हा दंडक पाळावा : टिपण मूळ वहीत दाखल करून घ्यावे. सहलीला जायचे की नाही हा वाद त्या दांपत्याचा असून त्यात ॲपाने निकाल देऊ नये.

कलम ७ : शोध

शोध सदैव सर्व वह्यांत चालावा. ज्या ॲपात तो केवळ उघड्या वहीपुरता चालतो, तेथे वापरकर्ता टिपण दुसऱ्या वहीत असेल असे कधीही मानीत नाही. ते ॲपाने गिळले असेच मानतो, आणि पुन्हा नव्याने लिहितो. सापडलेल्या टिपणाखाली वहीचे नाव बारीक अक्षरांत दाखवावे, म्हणजे ते तेथे कसे गेले याचा विस्मय करण्यास त्याला सवड मिळेल. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात एकाच टिपणवहीला विषयाचे आद्याक्षर आणि त्यापुढील पहिला स्वर यांवरून सूची जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. म्हणजे दुसऱ्या वहीवाचून भागते ही वार्ता काही नवी नाही. परंतु सूची नेटकी ठेवण्यापेक्षा नवी वही विकत घेणे मनुष्यास तेव्हाही सोपे वाटत असणार.

कलम ८ : अधिकाचे बटण

आता शेवटची परीक्षा. अधिकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत वापरकर्त्याला किती प्रश्न विचारले जातात ते मोजावे. उत्तर शून्य आले पाहिजे. दूधवाला दारात उभा आहे, महिन्याचे साडेसत्तावीस लिटर झाले, त्यातले तीन दिवस खाडे, मागचे चाळीस रुपये येणे, असे एका दमात सांगतो आहे. त्या क्षणी ज्या ॲपाने 'कोणत्या वहीत लिहू?' असे विचारले, त्याला उत्तर मिळेपर्यंत दूधवाला वरच्या मजल्यावर पोचलेला असतो. जी वही उघडी असेल तीत, कोणतीच उघडी नसेल तर मूळ वहीत, टिपण मुकाट्याने लिहू द्यावे. कोठे हलवायचे ते तो रविवारी दुपारी ठरवील, किंवा बहुधा ठरवणार नाही, आणि त्याने कोणाचेही बिघडणार नाही. चुकीच्या वहीत पडलेले टिपण शोधाच्या चौकटीतून केव्हाही बाहेर काढता येते. जे लिहिलेच गेले नाही ते मात्र शंभर वह्या शुद्ध वर्णक्रमाने लावून ठेवल्या तरी त्यांपैकी एकीतही मिळत नाही, आणि त्याबद्दलची तक्रार दूधवाल्याकडे न जाता रचनाकाराकडेच येते.