परदेशी पाहुण्याचा दुभाषा कसे व्हावे

मे महिन्यात मंडळीनं मुलांचं शिबिर ठरवलं आणि अमेरिकेहून स्वयंसेवक येणार असं कळलं, की पाळकसाहेबांची नजर इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरावर जाते. तो पोरगा तुम्ही असाल तर पळू नका. मी तीन उन्हाळे हे काम केलंय आणि अजून मराठी बोलतो.

आधी कागद. परदेशी माणूस मुक्कामाला आला की यजमानानं चोवीस तासांत सरकारदरबारी नोंद करायची असते. जुनी माणसं तिला सी-फॉर्म म्हणतात. पर्यटक व्हिसावर आलेल्याला धर्मोपदेश करता येत नाही. म्हणून पाहुण्यानं पोत्यांच्या शर्यतीत शिट्टी वाजवावी, फुगे फुगवावेत आणि गोष्टीच्या वेळी चित्र धरून उभं राहावं. गोष्ट सांगायला, वचन पाठ करून घ्यायला शब्बाथशाळेच्या बाई आहेत. पाहुणा जन्मायच्या आधीपासून त्या तेच करतायत.

'आपण किती लांब आलो' या भारातून पाहुणा दोन दिवस बाहेर येत नाही. त्याला आमच्या कोल्हापुरातल्या वाइल्डर चर्चसमोर उभं करावं आणि इतिहास सांगावा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला. हाच रॉबर्ट 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिराला गेला आणि शिबिर संपेपर्यंत शंभर तरुण परदेशी सेवेला तयार झाले. त्यातूनच पुढं विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. म्हणजे साहेब, तुम्हाला इकडं पाठवायची खोड मुळात कोल्हापूरची. एवढं ऐकल्यावर पाहुणा नरमतो आणि स्वतःची पिशवी स्वतः उचलतो. त्या काळचे मिशनरी आधी मराठी शिकायला बसत. यांचा मुक्काम दहा दिवसांचा, म्हणून तुम्ही.

खरी अडचण इंग्रजीची नाहीच, दोन मराठींची आहे. पाहुणा 'ऑसम' म्हणाला, की मागच्या बाकावरच्या वडील मंडळींना 'अद्भुत' ऐकायचं असतं आणि पुढच्या पोरांना 'लई भारी'. मी पहिल्या वर्षी 'अद्भुत' म्हणालो, पोरांनी जांभया दिल्या. दुसऱ्या वर्षी 'नाद खुळा' म्हणालो, त्यावर एका आजोबांनी मला उपासनेनंतर थांबवून घेतलं. आता 'अद्भुत' मोठ्यानं म्हणतो आणि हातानं 'लई भारी' करून दाखवतो.

खेळाच्या तासाला पाहुणा अंड्यासारखा लांबट चेंडू काढून त्याला फुटबॉल म्हणेल. हे भाषांतर करू नका. ज्या गावात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालमीच्या फुटबॉल सामन्यावरून भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात, तिथं असला चेंडू फुटबॉल म्हणून खपवला तर पोरं उरलेल्या शिबिरात आपलं काहीच खरं मानणार नाहीत.

जेवणाचं पाहुण्याला एकदाच सांगा: पांढरा रस्सा दिसतो तसा गरीब नाही.

आता दावीद आणि गल्याथ. दरवर्षी हीच गोष्ट असते आणि दरवर्षी दुभाषा इथंच सापडतो. गेल्या खेपेला पाहुण्यानं धरलेल्या चित्रात दावीदाच्या हातात रबराची बेचकी होती. बाई "गोफण" म्हणाल्या, पोरांनी चित्राकडं पाहिलं आणि गलका उठला. शाळवाच्या राखणीला पाखरं हाकताना गोफण फिरवलेली पोरं ती. एकानं तर विचारलं, गल्याथ एवढा धिप्पाड होता तर दावीदानं खासबागेतल्या कुस्तीसारखा आधी हात का नाही मिळवला? मी हे इंग्रजीत कसं सांगावं या विचारात असताना स्वयंपाकघरातून मावशी हात पुसत आल्या. त्यांनी पोत्याच्या शर्यतीतली सुतळी उचलली, मधे चिंधी बांधली आणि दोन फेऱ्यांत खडा चिंचेच्या शेंड्यावर बसवला.

पाहुण्यानंही हट्ट धरला. अशा वेळी मुलांना पाहुण्याच्या मागं उभं करू नये, पुढंही नाही, वऱ्हांड्यात घ्यावं. त्याचा खडा उलटा गेला आणि वर्गाचं कौल फुटलं. पोरं एवढी पूर्ण शिबिरात हसली नव्हती.

कौलाचा खर्च हिशेबात 'हस्तकला' या सदरात टाकावा.