बाळंतिणीच्या खोलीला दार हवं

आपल्या सोनईपासून शनिशिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. तिथल्या घरांना दारं न लावण्याची प्रथा सगळ्या देशाला ठाऊक आहे. चोराची भीती नसेल तर घर खुशाल उघडं ठेवा. बाळंतिणीच्या खोलीला मात्र दार हवं, आणि पहिला दीड महिना ते बहुतेकांसाठी बंद हवं.

बाळ घरी आलं की पाव्हण्यांची रीघ लागते. एसटीतून उतरलेली मावशी, फडातून तसाच आलेला चुलता, नाक पुसत आलेली भाचरं. प्रत्येकाला बाळ मांडीवर हवं, वर पापाही हवा. बाळंतीण बिचारी उठून बसते, पदर सावरते, चहाचं विचारते. पाव्हणे मंडळी, साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावू नका. सर्दी-खोकला असेल तर उंबऱ्यावरूनच मागे फिरा. काही आणायचंच असेल तर आईसाठी गरम भाकरी-भाजी आणा, धुण्याची बादली उचला, तिला दोन तास झोपू द्या.

दुसरं दार सहाणेला लावा. हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग उगाळून गुटी देणाऱ्या आजीची माया खरी आहे, पण बाळाचं पोट टिचभर आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. मधातून बाळाला बोट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. पहिला पिवळसर चीक पिळून टाकणं म्हणजे बाळाची पहिली ढाल फेकून देणं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्या, मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पाजा. दूध पुरतंय का, हे शेजारणीला विचारू नका, लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय.

नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. कोरडी राहिली की आपोआप गळते. डोळ्यांत काजळ नको, दृष्टीची तीट तळपायाला लावा. शेगडीचा धूर खोलीत नको. झोपवताना पाठीवरच.

मग दार उघडायचं कुणाला? आशाताईला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते. तिचं काम एकदा जवळून बघा. आधी हात धुते. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन घेते. मग झबलं वर करून एक डोळा घड्याळावर, एक पोटावर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. त्या मिनिटात घरातल्या कुणी बोलू नये. श्वास 60 किंवा जास्त भरले तर ती पुन्हा मोजते. पुन्हा तेवढेच भरले तर दवाखाना. बाळ ओढून पीत नाही, निपचित पडलंय, अंग तापलंय किंवा गार पडलंय, झटके येतायत, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, तरीही दवाखानाच, आणि त्याच घटकेला. 102 फिरवा, गाडी फुकट येते. अंगारा-धुपाऱ्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

हे शहाणपण परदेशातून आलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे 2011 पासून देशभरच्या आशा घरोघर जाऊ लागल्या. गावातल्या बाईच्या हातात काटा आणि घड्याळ दिलं, तर एवढं होतं.

आता एक दार उरलं. मुळा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला कसलं दार? पाचटातून पहाटेचा गारठा थेट बाळापर्यंत पोचतो. अशा वेळी आईची छाती हीच शेगडी. टोपडं-लंगोट एवढंच ठेवून बाळाला उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून दोघांना पांघरूण. कमी वजनाच्या बाळाला हीच ऊब तारते. पण हे सांगायला तिथे जाणार कोण? बाळाच्या आईचं नाव तिच्या गावच्या यादीत, आणि बाळ आपल्या शिवारात. म्हणून बागायतदारांनो, मुकादमांनो, तुमच्या फडाजवळच्या कोपीत बाळ जन्मलं असेल तर इथल्या आशाताईला आजच्या आज निरोप द्या. त्याचेही बेचाळीस दिवस सुरू झालेले असतात.