गुरुजींची डायरेक्ट

मुलगा अमेरिकेत असलेल्या निवृत्त गृहस्थाला ‘प्रवास कसा झाला’ असं विचारायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही आळीत एक असणारच. आमचे सरळगावचे गुरुजी मात्र त्यातही पोचलेले. ते स्वतःचा प्रवास सांगत नाहीत. तुम्हाला तुमचा विचारतात आणि मग तो दुरुस्त करून देतात.

“कसा आलास रे?”

“शहापूरहून जीप धरली, गुरुजी. किन्हवलीला बदलली.”

“म्हणजे वन-स्टॉप. लेओव्हर किती?”

“अर्धा तास. वडापाव खाल्ला.”

“चालेल. कनेक्शन सुटलं नाही ना, मग झालं.”

गुरुजींची सगळी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, निम्मी मुरबाड तालुक्यात आणि निम्मी शहापुरात. सायकल, बैलगाडी, दुधाचा टेम्पो, जे मिळेल त्यावर बसून हा माणूस शाळा गाठायचा. तेव्हा त्यांनी कुणाला लेओव्हर विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मुलगा सॅन होजेला गेला आणि गुरुजींची भाषा कायमची विमानात बसली. कल्याणहून येताना एसटीचं चाक पंक्चर झालं की ‘टेक्निकल हॉल्ट’. पावसाळ्यात रायत्याच्या पुलावर पाणी आलं आणि गाडी मागे फिरली की ‘डायव्हर्जन’. लग्नाच्या पंगतीत त्यांना ‘आयल’ लागते, म्हणजे कोपऱ्यातलं पान, वाढप्याच्या वाटेवरचं. गळ्यातली अर्धगोल उशी तर ते मुरबाड-कल्याण गाडीतही काढत नाहीत. त्या रस्त्याचे खड्डे पाहता यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

म्हसा यात्रेला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ओळखीचं एक म्हातारं माणूस गेल्याची बातमी घोंगड्यांच्या दुकानापाशी कळली. गुरुजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि सांगणाऱ्याला हलक्या आवाजात विचारलं, “डायरेक्ट?”

“नाही हो. आधी मुरबाडला दाखवलं, मग कल्याणला नेलं, मग मुंबईला.”

“टू-स्टॉप,” गुरुजी कळवळून म्हणाले. “फार हाल झाले बिचाऱ्याचे.”

गुरुजींनी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये अमृत ज्येष्ठ नागरिकांसाठी निघालेल्या सवलतीत त्यांना एसटीचा प्रवास फुकट. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. गुरुजी ते निरखून पाहतात आणि विचारतात, “यावर माइल्स धरता का?” त्या मार्गावरचे जुने कंडक्टर आता “पुढे सरका, गुरुजी” एवढंच म्हणतात. छातीच्या खिशातल्या प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्ड, त्याच्या मागे एसटीचं कार्ड आणि सगळ्यांत वर विमान कंपनीचं फ्रिक्वेंट फ्लायरचं. आधी ते ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होतं, पुढे ‘महाराजा क्लब’ झालं. या बढतीत आपलाही थोडा हात आहे, असा गुरुजींचा चेहरा असतो.

त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ १५ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्या दिवशी एअर इंडियाने मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सोडलं. आठवड्यातून तीनदा. बोइंग ७७७, त्यातलं लांब पल्ल्याचं. उड्डाण क्रमांक एआय १७९. गुरुजी मात्र ‘आपली १७९’ म्हणत, इथली माणसं ‘आपली सातची मुरबाड’ म्हणतात त्या सुरात. सुरुवातीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं: दुपारी अडीचला मुंबई सोडायची आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सॅन फ्रान्सिस्को. “घड्याळात बघ, अडीच तास! आसनगावहून सीएसएमटीला जाऊन फलाटाबाहेर पडेपर्यंत तेवढेच होतात.” मधल्या सोळा तासांचं काय, असं कुणी विचारलं की तुम्ही शुद्ध हिशेबी माणूस आहात अशा नजरेने ते बघायचे. २०२४ च्या जूनमध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं. तिथल्या गर्दीतही ते कोण थेट आलं आणि कोण दुबईवरून, हे चेहऱ्यावरून ओळखत होते, असं त्यांचंच म्हणणं.

तयारी तर बघण्यासारखी. बॅग तेवीस किलोच्या वर जाता कामा नये, म्हणून ती भाताच्या गिरणीतल्या काट्यावर चढायची. गिरणीवाला वजन सांगायचा, गुरुजी काटा आपल्या डोळ्यांनी बघायचे, मग बॅग उघडून कुणाच्या तरी सुनेसाठी दिलेले नाचणीचे पापड बाहेर यायचे, पुन्हा वजन व्हायचं आणि शेवटी पापड आत जाऊन गुरुजींचा स्वेटर बाहेर राहायचा. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, फळ्यावर काढावं तशा वळणदार अक्षरात: मु. पो. सरळगाव, ता. मुरबाड, जि. ठाणे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पट्ट्यावर सरळगाव फिरताना कुणी पाहिलं असेल, तर त्याने ते उगीच स्वप्न समजू नये.

मग ग्रह फिरले. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं आणि त्या वर्षी ‘आपली १७९’ मध्येच कोलकात्याला टेकू लागली. इंधनासाठी. गुरुजींनी हे आजारपण म्हणून सोसलं. “टेक्निकल हॉल्ट आहे, उतरायचं नसतं, म्हणजे डायरेक्टच,” असं ते स्वतःला समजावत. पण कसाऱ्याला जायचं म्हणून कर्जतच्या गाडीत बसवल्याचं दुःख लपत नव्हतं. आणि अखेर ती बातमी आली. १ मार्च २०२६ पासून मुंबई आणि बंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोची थेट सेवा बंद. जायचं तर दिल्लीवरून, तिथून फेऱ्या वाढवणार.

गुरुजी त्याच दिवशी शहापूरला आले. वन-स्टॉप. दाढी वाढलेली. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी सभाच बोलावली. वासिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड, जिथून म्हणून कुणाचा मुलगा नाहीतर मुलगी तिकडे आहे, ते सगळे पालक जमले. मला चहाचे पैसे देण्यासाठी बोलावलं होतं, हे नंतर कळलं.

दुःखातही ज्येष्ठता असते, हे मला त्या दिवशी समजलं. न्यू जर्सीवाले मधल्या खुर्च्यांवर बसले होते, कारण त्यांचं दुःख जुनं. युनायटेडची मुंबई-न्यूअर्क मार्च २०२२ मध्येच गेली. युक्रेनवर युद्ध लादलं गेलं, अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश मिटलं आणि तो रस्ता संपला. “आम्ही तेव्हा कुठे गेलो होतो सभा घ्यायला?” एक निवृत्त ग्रामसेवक म्हणाले. दुसऱ्यांनी त्याहून जुनी जखम काढली. डेल्टाची मुंबई-न्यूयॉर्क २२ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये करोनाने नेली. “बारशाचे पेढे संपले नव्हते हो, तोवर बारावं.” एक दुबईपंथी होते. त्यांचं म्हणणं, दुबईत पाय मोकळे होतात. फ्रँकफर्टपंथीयाने पाय मोकळे करायला जर्मनीची हवा बरी, असं सुचवलं. यावर वाद पेटला आणि दोन्ही बाजूंचे पाय गुडघ्यातून धरलेले आहेत, हे सगळेच विसरले. गुरुजी सर्वांना पाकिस्तान, रशिया आणि इंधनाचा खर्च टेबलावर बशा मांडून समजावत होते. रशियाची बशी मोठी होती.

“पाणी आणा रे,” कुणीतरी म्हणालं.

हॉटेलवाल्याने अर्धे अर्धे ग्लास ठेवले. “टँकर आला नाय अजून,” तो म्हणाला. “आणि नॉनस्टॉपचं काय घेऊन बसलात? आपलं पाणी जातंय की नॉनस्टॉप. शहापुरातून निघालं की डायरेक्ट मुंबई.”

सभा काही क्षण गप्प झाली. खरंच होतं ते. तानसाचं धरण १८९२ चं. पुढे भातसा झालं आणि मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. ते पाणी जाड नळातून, ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात त्यांच्या जवळून, कुठेही न थांबता जातं. नळाच्या जोडावर कुठे गळती असली तर तेवढाच काय तो टेक्निकल हॉल्ट. मेल-एक्स्प्रेस आसनगावातून धूळ उडवत जातात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, तेव्हापासून नागपूरचा माणूसही तालुका ओलांडताना चहाला उतरत नाही. या दोन तालुक्यांवरून जे जातं ते थेटच जातं. आमच्यातला एक माणूस त्यातल्या एखाद्यात बसायला मिळालं म्हणून जरा फुशारला, तर आम्ही त्याची टिंगल करत होतो.

अर्थात त्या क्षणी मला एवढं काही सुचलं नव्हतं. मी बिलाकडे बघत होतो.

गुरुजींबद्दल माझं मत थोडं बदललं ते मावशीमुळे, आणि तेही नाइलाजाने. माझी मावशी किन्हवलीपलीकडच्या पाड्यावर राहते. तिची मुलगी फ्रीमाँटला. पहिल्या बाळंतपणाला मावशी २०२३ मध्ये एकटी गेली, १७९ ने. तोवर तिची धाव कल्याणच्या बाजारापर्यंत. गुरुजींनी तिला पुठ्ठ्याचं एक कार्ड करून दिलं होतं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, स्केचपेनने: ‘मला इंग्रजी येत नाही. मला सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचे आहे. मला शाकाहारी जेवण द्यावे.’ वर भोक पाडून नाडी ओवलेली. पुढे कळलं की अशी कार्डं त्यांनी दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी बायांना करून दिली आहेत. पापड पोचवले, औषधं पोचवली, एका सुनेसाठी बाळाची गोधडी नेताना स्वतः स्वेटराविना गेले. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त सीट नंबर.

“डायरेक्टमध्ये चुकायला जागाच नसते रे,” सभा उठल्यावर ते मला म्हणाले. “दार लागलं की बसायचं. दार उघडलं की मुलगी समोर. तुझी मावशी माझ्याच वर्गात होती, चौथीपर्यंत. पाढे सगळ्यांच्या आधी यायचे तिला. पुढची शाळा किन्हवलीला, आणि मधे ओढा. पावसात कोण पाठवणार पोरीला? थेट रस्ता असता तर...” मग त्यांनी उशी नीट केली. “तू आलास कशाने? चालत? हां. नॉनस्टॉप.”

आता मावशीचं दुसरं बाळंतपण आलं आहे. म्हणजे मुलीचं. दिल्लीवरून जावं लागणार. मी म्हटलं, व्हीलचेअर मागून घे, सगळ्या म्हाताऱ्या घेतात, तो माणूस बरोबर दारापर्यंत नेऊन सोडतो. मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकाड चढते. ती म्हणाली, “मी काय पांगळी हाय? मला खुर्चीत बघितलं तर विहीण काय म्हणंल?” गुरुजींनी नवं कार्ड केलं. जुन्यावर तीन ओळी होत्या, नवं पाठपोट भरलं: दिल्लीला उतर, गर्दीच्या मागे जाऊ नकोस, बोर्ड बघ, निळा डगला दिसला की कार्ड दाखव. मावशीने ते वाचून पदराला पुसलं आणि म्हणाली, “गुरुजी, परीक्षा हाय का?”

गुरुजींच्या डोळ्यांत शाळेतली जुनी चमक आली. परीक्षा घ्यायचीच, असं ठरलं. केंद्र: कल्याण जंक्शन. मावशीने आसनगावहून कसारा लाइनच्या लोकलने कल्याणला उतरायचं, ते मुंबईचं विमान. जिना चढून, इंडिकेटर वाचून, कर्जतच्या गाडीचा फलाट शोधायचा, ती दिल्ली. गाडीला हात लावायचा, बसायचं नाही, परत येऊन कसाऱ्याची गाडी पकडायची आणि घरी. गुरुजी निरीक्षक म्हणून मागे मागे, कुठलीही मदत न करता. मी आसनगाव स्टेशनात थांबायचं, नातेवाईक म्हणून, हातात नावाची पाटी घेऊन. पाटीही गुरुजींनीच रंगवली होती.

मी पाटी धरून उभा राहिलो. लोक बघत होते. संध्याकाळच्या कसारा गाडीतून मावशी उतरली. हातात कांद्याची जुडी आणि वाटाणे, कल्याणला स्वस्त मिळाले म्हणून. फलाट सापडला का, म्हटलं. “न सापडायला काय झालं? लिवलेलं असतं की.” गाडीला हात लावला? “लावला. दोनदा लावला.” आणि गुरुजी?

“ते व्हते की माझ्यामागं. गाडीत चढून बघत व्हते, मी चढते की काय म्हणून.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. मागून पुढच्या स्टेशनाची उद्घोषणा ऐकू येत होती.

“कुठे आहात, गुरुजी?”

“बदलापूर येतंय,” गुरुजी म्हणाले. पलीकडे थोडा वेळ नुसती गाडीची खडखड. “टेक्निकल हॉल्ट. मावशी पोचली?”

“पोचली. वाटाणे घेऊन.”

“पास,” ते म्हणाले. “आणि माझी काळजी करू नकोस. इथून बारवीच्या रस्त्याने मुरबाडला गाडी मिळते. डायरेक्ट.”